तीन खात्यांची एक फाईल

मी फाईल बोलतेय. हिरवा पुठ्ठा, फाटक्या कडा, पोट सुटलेलं. हसू नका, त्या पोटात एका बाईची सहा वर्षं आहेत.

तिला सगळे ताई म्हणत. कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग मनाच्या आजाराने गाठलं, नसलेली माणसं कानात बोलू लागली आणि ती इस्पितळात आली. औषधं लागू पडली, ती सावरली. तरी चौदा महिने तिथेच! डॉक्टर म्हणत, "राहायची जागा दाखवा, लगेच सोडतो." तिचा धाकटा भाऊ मला बगलेत मारून घरं देणाऱ्या खात्यात जाई. तिथला कारकून पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवी.

"इथे इस्पितळाचा वॉर्ड लिहिलाय. म्हणजे जागा आहे की यांना! बेघर कुठे?"

आजारामुळे काम सुटलेल्यांना पेन्शन देणारं खातं त्याहून वरचढ. "आधी घर मिळू दे, मग बघू." भावाच्या चपला झिजल्या, माझ्या अंगावर शिक्के वाढले.

मग नवी समन्वय अधिकारी आली. तिने इस्पितळ, घरं आणि पेन्शन अशा तिन्ही खात्यांना एका टेबलाभोवती बसवलं, मला मधोमध ठेवलं आणि ताईला आपल्या शेजारची खुर्ची दिली.

"ताई, तुम्हाला काय हवंय?"

मी थक्क झाले. माझ्यात तीनशे कागद आहेत, हा प्रश्न एकावरही नव्हता.

ताईने टेबलावर बोटाने एक चौकोन काढला. "शिलाई मशीन मावेल एवढी खोली. आणि गोळ्या चुकल्या तर कुणीतरी विचारायला यावं. रागवायला नको."

कारकुनाने चष्मा पुसला. "पण मॅडम, तो रकाना..."

"तिथे मी लिहिते, इस्पितळ हे घर नव्हे. सही माझी."

अर्ध्या तासात तिन्ही खात्यांच्या सह्या एका पानावर! माझा तर विश्वासच बसेना.

आता मी बंद व्हायच्या वाटेवर आहे. माझ्या बहिणी अजून कपाटांत धूळ खाताहेत, त्यांनाही कुणी त्या टेबलावर न्या. पण जाण्याआधी एक सांगते.

सह्यांनंतर महिन्याने सगळे ताईच्या नव्या खोलीची पाहणी करायला गेले. ताईच्या गोळ्यांची विचारपूस करायला नेमलेल्या नर्सच्या हातात मी होते. कारकून सवयीने सरळ दार ढकलायला गेला, तर नर्सने त्याचा हात धरला आणि दार वाजवलं.

"ताई, येऊ का आत?"

मशीनचा आवाज क्षणभर थांबला. "थांबा जरा, एवढी शिलाई संपवते."

आणि अख्खं सरकार जिन्यात गप्प उभं राहिलं.