मिरगीच्या गोळ्यांची बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. लोणच्याची म्हणाल तर मला राग येईल, आधीच सांगून ठेवते. मी औषधाची बरणी. तपकिरी काचेची, घासून बसवलेल्या झाकणाची. माझ्या पोटात एका वेळी दीड हजार गोळ्या मावायच्या. सध्या मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीवरच्या फळीवर असते. दवाखाना सरकारी, आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. गावाचं नाव मात्र विचारू नका. या गोष्टीतली बरीच माणसं अजून हयात आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, भट्टीपाशी झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो आदिलाबाद स्टेशनावरचा फलाट. गवतात गुंडाळून मला पेटीतून उतरवलं, तेव्हा एक हमाल तेलुगूत ओरडत होता, दुसरा उर्दूत, आणि मला घ्यायला आलेला माणूस मराठीत म्हणत होता, "अरे हळू, हळू! काच हाय ना बाप्पा!" तेच भगवंतराव, आमचे कंपौंडर. बसमध्ये त्यांनी मला वाटभर मांडीवर घेतलं होतं.

त्यांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'मिरगी'. म्हणजे फेफऱ्याच्या गोळ्या. लहान, पांढऱ्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. रोज एक घेतली की झटके येत नाहीत, चुकवली की येतात. पत्र्याच्या डब्यात हजार गोळ्या यायच्या, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात डबा गंजायचा आणि गोळ्यांना ओल लागायची. म्हणून भगवंतराव डबा फोडला की सगळ्या गोळ्या माझ्यात ओतायचे. त्यांचा तो खळखळाट! खरं सांगते, अजून कधी दुपारी कुणी बाहेर शेंगा सोलत बसलं की मला वाटतं, आली माझी वेळ.

माझं कौतुकही फार व्हायचं. तालुक्याचे डॉक्टर दौऱ्यावर आले की म्हणायचे, "भगवंतराव, बरणी काय चकचकीत ठेवलीय!" मी फुगून जायचे. त्यांनी झाकण उघडून आत काय आहे, कधीचं आहे, हे मात्र कधी विचारलं नाही. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता आमच्या दवाखान्याची एक रीत सांगते. रिकाम्या डब्यांना आमच्याकडे भारी मागणी. मीठ, हळद, तिखट, कशालाही तो डबा चालायचा आणि झाकण घट्ट बसायचं. दवाखान्याची आया कुसुमबाई, तिला कुणाची पाळी कधी हे पाठ असायचं. गोळ्या माझ्यात पडल्या की डबा ज्या बाईची पाळी तिच्या घरी. बायका तो चुलीच्या राखेनं घासून चांदीसारखा करायच्या. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कंपनीचं नाव, गोळ्या कधी केल्या ते, आणि घाण्याचा नंबर असायचा. एका वेळी एकत्र केलेल्या गोळ्यांना एकच नंबर देतात. तो नंबर राखेबरोबर मोरीत जायचा, आणि गोळ्या माझ्यात राहायच्या, बिननावाच्या. त्यातही जुन्या संपायच्या आत नव्या वरून ओतल्या जायच्या. कुणाच्याच मनात काही पाप नव्हतं, मित्रांनो. उलट ती सगळी काटकसर आणि माया होती.

ब्याऐंशी साल असेल. आमच्याकडे ताराबाई यायची. वीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. माहेरी असताना तिला झटके यायचे. आमच्या गोळ्या सुरू केल्या आणि थांबले. ते थांबले म्हणून तर तिचं लग्न झालं. नवरा दौलत, कापसाचं वावर, घरी सासू. महिन्यातून एकदा ती चार कोस चालत यायची, तीस गोळ्या पदराच्या गाठीत बांधायची आणि जाताना माझ्या काचेवरून बोट फिरवायची. देवळातून निघताना पायरीला हात लावतात ना, तसं. कितीतरी हात लागायचे मला, पण तिचा हात मी ओळखायचे.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला नवा डबा फुटला. त्या गोळ्या माझ्यात पडल्या तेव्हाच मला वेगळं वाटलं. त्या वाजल्या नाहीत धड. आठ दिवसांत वरच्या थराचा चुरा होऊन माझ्या काचेला पिठासारखा चिकटला. भगवंतरावांनी फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "दमट हवा हाय." मी काय करणार? मला तोंड आहे, पण बोलायला नाही.

दसऱ्यानंतर ताराबाई आली ती आईला घेऊन. डावा हात कोपरापर्यंत फडक्यात बांधलेला. चुलीपाशी बसलेली असताना झटका आला होता आणि हात जाळात गेला होता.

"काय व ताराबाई, गोळ्या चुकवल्या ना?" भगवंतरावांनी विचारलं.

"नाई भाऊ. एक बी चुकवली नाई. रोज जेवून घेते."

"मग झटका काऊन आला? त्या फकिराले पाय, त्याले बी मिरगीच, याच बरणीतल्या गोळ्या खाऊन राह्यला. त्याले तं काई नाई झालं."

"फकिराचं मले नाई मालूम. मी खरं सांगून राह्यली, भाऊ. ह्या डावच्या गोळ्याच बराबर नाई. जिभेवर पीठ होते त्याचं."

भगवंतराव माणूस वाईट नव्हते, पण बाहेर रांग लागली होती. ते चिडले. "सरकारी गोळी हाय ते! गोळीले नाव ठेवते? चुकवते तू आन् खोटं बोलते."

अगं बाई! तेव्हा माझ्या काचेला तडा कसा गेला नाही कोण जाणे. फकिरा गोळ्या घेऊन गेला होता पोळ्याच्या आधी, तीन महिन्यांच्या एकदम. त्याला जुन्या मिळाल्या होत्या. एकाच बरणीतल्या म्हणजे एकाच घाण्यातल्या, असं कसं होईल? माझ्या पोटात दोन घाणे एकमेकांत मिसळले होते आणि चांगल्या गोळ्या वाईट गोळ्यांची बाजू घेत होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी फळीवर नुसती चकचकत होते.

ताराबाईची आई काकुळतीला आली. "भाऊ, सासरचे म्हणतात, परत झटका आला तं पोरीले माहेरीच ठेवा. काई तरी करा ना."

भगवंतरावांनी काय केलं? त्याच गोळ्या पुन्हा मोजून दिल्या. ताराबाईनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या. जाताना तिनं मला हात लावला नाही. त्यानंतर ती आलीच नाही.

आणि मग, संक्रांतीच्या पुढे, एक कागद आला. आमच्या राजधानीतून, हैदराबादेहून निघालेला, वाटेत कुठं कुठं मुक्काम करत आलेला. अमुक नंबरच्या घाण्यातल्या मिरगीच्या गोळ्यांत औषध फारच कमी भरलं आहे. त्या ताबडतोब थांबवा, परत पाठवा, आणि ज्यांना दिल्या त्यांना शोधून चांगल्या गोळ्या द्या, असा हुकूम. भगवंतरावांनी तो उभ्यानं वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर काय लिहिलं होतं? 'मिरगी'. बस.

"कुसुमबाई, पोळ्याचा डबा कोणाले गेला?"

"सखूबाईले. भाजीवाली. काऊन जी?"

ते कुसुमबाईला घेऊन तिच्या घरी गेले. सखूबाईनं डबा लख्ख घासला होता. भगवंतरावांचा चेहरा उतरला. पण डब्यावरच्या कागदावर निळ्या-पिवळ्या रंगाची नक्षी होती, म्हणून तिनं तो आधी पाण्यात भिजवून अख्खा सोडवला होता आणि देवाच्या पाटामागं भिंतीला चिकटवला होता. चपला काढून, देवापुढं वाकून भगवंतरावांनी तो नंबर वाचला. कुसुमबाई सांगत होती, वाचल्यावर त्यांनी हुकूम काढून पुन्हा ताडून पाहिला. नंबर तोच होता.

घाणा सापडला, आता माणसं शोधायची. बाकीचे गोळ्या न्यायला येतच होते, ताराबाई तेवढी येत नव्हती. रजिस्टर उघडलं. पानावरच्या पहिल्या नावापुढं गाव लिहिलेलं, बोरधरी. त्याखाली सगळ्यांपुढं दोन-दोन टिंबं. म्हणजे वरच्यासारखंच. रांग मोठी असली की भगवंतराव तेवढंच करायचे. ताराबाईपुढंही टिंबंच. ते सायकलीवरून बोरधरीला गेले. तिथं अशी ताराबाईच नव्हती. पुढच्या गावी गेले, त्याच्या पुढच्या गावी गेले. बेल्याच्या बाजारात तीन आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विचारलं. परत आले की माझ्यासमोर स्टुलावर बसून राहायचे. मीही वाट बघायचे. बाहेर कुणाच्या काकणांचा आवाज झाला तरी वाटायचं, आली. इतकी आठवण मला कुणाचीच आली नाही, मित्रांनो. तिनं एकदा यावं आणि त्यांनी मला तिच्यासमोर रिकामं करावं, एवढंच मला वाटायचं.

शेवटी पत्ता दिला तो काकणं भरणाऱ्या कासारणीनं. "एकाच हातात काकणं भरणारी पोरगी ना? डावा हात भाजला ना तिचा? ते तं मायबापाच्या घरी हाय. सासरच्यायनं आणून सोडली." तिनं गाव सांगितलं. भगवंतराव चांगल्या गोळ्या घेऊन त्याच पावली निघाले. तिच्या अंगणात, शेजारपाजार जमला असताना, ते म्हणाले, "ताराबाई, तू खरी होती. गोळी खोटी होती. मीच चुकलो." मग हैदराबादचा तोच इंग्रजी कागद घेऊन ते तिच्या सासरी गेले आणि सासूला, दौलतला एकेक ओळ मराठी करून सांगितली.

महिन्यानं ती आली. आईबरोबर, नव्या गोळ्या न्यायला. झटके थांबले होते. तोवर मला रिकामं करून, धुऊन, उपडं घातलं होतं, तरी मला ते पाऊल कळलं. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली आणि दौलत आत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"चाल, घरी चाल," तो म्हणाला. "तुहा काई दोष नव्हता. कागदच आला ना तसा."

ताराबाईनं गोळ्यांची गाठ मारली. मग वर पाहिलं.

"आन् कागद नसता आला तं?"

दौलतनं भगवंतरावांकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडे वळली. "तुमी सांगा भाऊ. कागद नसता आला तं मी खोटीच ना?"

त्या दिवशी ती गाडीत बसली नाही, आईबरोबर पायीच गेली. पुढं आदिलाबादच्या दवाखान्यात गोळ्या घ्यायला लागली म्हणे. सासरी गेली की नाही, ते कुसुमबाईलाही कळलं नाही. मला अजून वाटतं की कुणी तरी येऊन ते सांगेल.

माझ्यात परत कधी गोळ्या पडल्या नाहीत. आता गोळ्या चमकत्या पट्टीत येतात, पट्टीच्या टोकाला नंबर छापलेला असतो. नवे कंपौंडर कात्रीनं पट्टी कापतात आणि कधी कधी नंबराचं टोकच आधी कापून टाकतात. फळीवरून मला ते दिसतं आणि माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, तुमच्या घरी औषध आणलं तर ते टोक शेवटपर्यंत जपा. डबा संपेपर्यंत त्याचा कागद फाडू नका. दवाखान्यात आपलं गाव पूर्ण लिहवून घ्या, लिहिणारा कितीही घाईत असला तरी.

आणि उद्या तुम्ही मोठे झालात, कुणी कंपौंडर झालं, कुणी डॉक्टर, आणि एखादी बाई समोर येऊन म्हणाली की हे औषध बरोबर नाही, तर तिला खोटी ठरवू नका. उठा, नंबर बघा, आणि वर कळवा. ताराबाईनं दसऱ्यालाच सांगितलं होतं. ते त्याच दिवशी कुणी लिहून पाठवलं असतं, तर हैदराबादचा कागद आमच्याकडे यायच्या ऐवजी आमचा कागद हैदराबादला गेला असता, तिचं बोलणं कागदाआधीच खरं मानलं गेलं असतं, आणि ती त्या गाडीत बसली असती.