बघूरावांचा प्रिंटर

घरात त्याला 'बघूराव' हे नाव बायकोने ठेवलं होतं आणि ते ठेवताना तिने त्याच्यावर काडीचाही अन्याय केला नव्हता. पडदे बदलायचे? बघू. न्हाणीघरातला नळ गळतोय? बघू. सुटीत चार दिवस कुठे जायचं? बघू. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नाही, कारण त्याची गरजच पडत नसे. माणूस लाख चांगला, पण पाकिटाला हात घालण्याआधी दहा वेळा तोलून पाहणारा. आणि तो तरी काय करणार? धंदाच वजनकाटे दुरुस्त करण्याचा होता.

सोनारांचे नाजूक काटे, किराणा दुकानांतले मळकट काटे, भंगारवाल्यांचे आडदांड काटे, सगळे त्याच्या टेबलावर यायचे. गिऱ्हाइकाने घाई केली की तो शांतपणे म्हणायचा, "काटा थांबल्याशिवाय आकडा वाचायचा नाही." बायकोला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की भाजीच्या दुकानात त्याने तोंड उघडायच्या आत तीच ते म्हणून टाकायची.

तिला दिवस गेले आणि तिने एक छोटा फोटो प्रिंटर मागितला, घरी ठेवायचा, डब्याएवढा. "फोनमधले फोटो फोनमध्येच मरतात," ती म्हणाली. "बाळाचे फोटो मला कागदावर हवेत. हातात धरता येतील असे."

झालं. बघूराव कामाला लागले. कुठलं यंत्र कितीला, त्याचा कागद कितीला, शाई किती फोटोंना पुरते, याचा त्याने असा काही छडा लावला की दुकानदारांनीही कान धरावेत. हिशेबाचं त्याचं माप म्हणजे चहा. कोपऱ्यावरच्या टपरीवरचा एक चहा हे एक वजन. त्या मापाने बाजारातल्या फोटोच्या दुकानात एक फोटो पडायचा एका चहाला आणि घरी काढला तर दोन चहाला. "यंत्र स्वस्त देतात आणि मग कागदात कापतात," त्याने बायकोला समजावलं. "पांढरा हत्ती पोसायचा प्रकार आहे हा. दुकान काय पळून चाललंय?"

"म्हणजे नाही."

"नाही कुठे म्हटलं? बघू."

बायकोने पुन्हा विषय काढला नाही. तेच त्याला पुढे फार लागलं.

बाळ ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी आलं. तेही पोट कापून, धावपळीत, कारण बायकोचा रक्तदाब एकाएकी वर चढला. मुलगी झाली. ती तळमजल्यावर काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या मजल्यावर पलंगावर, उठायचंसुद्धा नाही अशा सक्त ताकिदीत. तिला शुद्ध आली तेव्हा मुलीला केव्हाच खाली नेलेलं होतं. म्हणजे जिने नऊ महिन्यांतले मिळाले तेवढे दिवस तिला पोटात वागवलं, तिनेच तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

त्याने फोनवर दाखवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण फोटो उघडायच्या आत त्याच्या आत्याचा फोन आला आणि आत्याने हॅलो म्हणायच्या आधीच रडायला सुरुवात केली. ते ऐकून बायकोचा रक्तदाब पुन्हा उसळला. वॉर्डातल्या सिस्टरने त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि फर्मान निघालं : या खोलीत फोन बंद. तिचाही आणि त्याचाही.

त्यात मुलीला कावीळ झाली. लवकर आलेल्या बाळांना होते, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग काविळीचा आकडा चढत गेला आणि त्यांनी 'घाबरू नका' म्हणायचं बंद केलं. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ती चिमणी पडून असायची. आज पुन्हा रक्त तपासायला घेतलं होतं. आकडा उतरला तर ठीक, नाही तर रक्त बदलावं लागणार होतं. निकाल दुपारी यायचा होता. बायकोला यातलं अर्धंच सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं तिने त्याच्या चेहऱ्यावरून वाचलं होतं.

सकाळी तळमजल्यावरच्या सिस्टरने दिवा क्षणभर बंद करून, पट्टी सरकवून, वॉर्डाच्या टॅबवर मुलीचा एक छान फोटो काढला आणि त्याला पाठवला. "कागदावर काढून आईच्या उशाशी ठेवा," ती म्हणाली. "बाळाकडे बघत राहिलं की दूध यायलाही मदत होते. मन रमतं ते वेगळंच."

वर जाऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायको इतकंच म्हणाली, "आणशील?" मग डोळे मिटून, "आणि बघू म्हणू नकोस."

तो शब्द त्याच्या ओठांवर आलेलाच होता. त्याने तो गिळला.

बाजारातलं ते एका चहाचं दुकान पळून गेलं नव्हतं, पण त्याच्या काचेवर चिठ्ठी होती. यंत्र नादुरुस्त, माणूस परवा येईल. चिठ्ठीसमोर तो खुळ्यासारखा उभा राहिला. शेजारी सासूबाई होत्या. त्या लेकीसाठी पहिल्याच दिवशी धावत आल्या होत्या आणि आज जावयाबरोबर निघाल्या होत्या, कारण, त्यांच्याच शब्दांत, "तुम्हाला एकटं सोडलं तर तुम्ही भाव विचारून परत याल."

"चला जावईबापू," त्या म्हणाल्या. "आता तो हत्तीच बघू."

हत्तीचीसुद्धा बातमी माहेरी पोचली होती तर.

विजेच्या वस्तूंच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने तीन यंत्रं मांडली. जिथे घाईने हातपाय गळायला हवे होते तिथे बघूरावांच्या अंगात मात्र जुना कारागीर जागा झाला. पहिलं शाईचं. "रोज वापरलं नाही तर शाई वाळते ना?" त्याने विचारलं. मुलगी म्हणाली, हो, मग यंत्र स्वतःच तोंड धुतं, त्यात थोडी शाई जाते.

"म्हणजे हे काम न करता चहा पितं," तो म्हणाला. मुलीला काही कळलं नाही.

दुसऱ्याला शाईच नको, रंग कागदातच. चालवायला सोपं, खिशात मावणारं. पण फोटो येणार काडेपेटीपेक्षा जरा मोठा. "पोरीचं नाक कुठलं आणि कान कुठला हे भिंग घेऊन शोधायचं का?" सासूबाईंनी परस्पर निकाल दिला.

तिसरं रिबिनीचं. कागदाच्या पाकिटातच रंगाची रिबीन, जितके कागद तितकीच रिबीन. कागद संपले की रिबीन संपली. काही वाळत नाही, काही उरत नाही, एका फोटोचा खर्च दर वेळी तोच. हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. महाग होतं, दोन चहा आणि वर एक बिस्कीट, पण खोटं बोलणारं नव्हतं. ढीगभर फोटो काढायचे असतील तर दुकानच परवडेल आणि मोजके, आत्ता हवे असलेले काढायचे तर हे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

"हे द्या."

सासूबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा विश्वास बसेना. त्याने विचार बदलायच्या आत त्यांनी पिशवी उचलली आणि त्याला दाराकडे ढकललं. मागून मुलगी म्हणत होती, "सर, एक सांगायचं राहिलं, कागद जेव्हा बाहेर..." पण तोवर दोघं रस्त्यावर पोचले होते.

हॉस्पिटलच्या उपाहारगृहात त्याने भिंतीजवळचं टेबल धरलं, प्लग लावला, रिबीन खटकन बसवली, पुढच्या ट्रेमध्ये कागद सरकवले आणि फोनवरून फोटो पाठवला. यंत्र गुरगुरलं. एक कागद आत ओढला गेला आणि हळूहळू पुढून बाहेर यायला लागला.

मुलगी पिवळी होती.

जराशी नव्हे, हळदीत बुडवून काढल्यासारखी. गाल पिवळे, कपाळ पिवळं, मुठी पिवळ्या. कागद पुन्हा आत सरकायला लागला तसा त्याने तो दोन्ही हातांनी धरून ओढून काढला. यंत्राने आतून कर्रकन आवाज केला आणि लाल दिवा लावला. फोनमध्ये ती गुलाबी दिसत होती. म्हणजे फोन खोटं बोलत होता आणि हे यंत्र खरं सांगत होतं, असं त्या क्षणी त्याला वाटलं. आयुष्यभर ज्याने खरा काटा आणि खोटा काटा वेगळा केला, त्याच्या मनाने असा कौल दिला. काळजाचं पाणी झालं की अक्कलही त्यातच वाहून जाते.

"अहो, कुठे निघालात?" सासूबाई ओरडल्या. तो कागद घेऊन धावत सुटला होता.

तळमजल्यावरच्या काचेच्या दाराशी डॉक्टरीणबाई सिस्टरशी बोलत होत्या. त्याला धापा टाकताना पाहून त्याच आधी बोलल्या, "बरं झालं आलात. आत्ताच निकाल आला. आकडा उतरलाय. चांगला उतरलाय. रक्त बदलायची गरज नाही."

"पण ती पिवळी आहे," तो म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला. त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"यात भिंतपण पिवळी आहे," त्या म्हणाल्या. "चादर पिवळी, सिस्टरचा हात पिवळा. भिंतीला कावीळ झाली नसावी, नाही का?"

सिस्टरला हसू आवरेना. त्याने कागदाकडे नीट पाहिलं. खरंच की. भिंत, चादर, पेटीची नळी, सगळंच एका रंगाचं. मग त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य शिरलं. आकडा उतरलाय. त्याने ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि दाराशेजारच्या बाकावर बसून तो आधी हसला आणि मग चांगला हुंदके देऊन रडला. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि ते किती जड होतं हे वजनांच्या धंद्यातल्या माणसाला उतरल्यावर कळत होतं.

तो परत उपाहारगृहात आला तेव्हा सासूबाई चष्मा नाकावर घेऊन यंत्राबरोबर आलेली माहितीची घडी वाचत होत्या. त्यांच्यासमोर चहा होता.

"आकडा उतरला," तो दारातूनच ओरडला. "रक्त बदलायचं नाही!"

सासूबाईंनी चष्मा काढला, डोळ्यांना पदर लावला. मग नाक ओढून, चष्मा परत चढवून म्हणाल्या, "ये बाबा, बस. तू एक फोटो फुकट घालवलास, दोन चहाचा. चार फेऱ्या असतात म्हणे. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून चकाकी. लोकांना काय शिकवत असतोस तू, काटा थांबल्याशिवाय काय करायचं नाही?"

त्या त्याला आयुष्यात पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या होत्या. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लाल दिवा विझला. त्याने फोटो पुन्हा पाठवला आणि या वेळी हात मांडीखाली दाबून धरले. कागद पिवळा होऊन आला, आत गेला. गुलाबी होऊन आला, तेव्हा मुलगी उन्हात फार वेळ खेळल्यासारखी लालबुंद दिसली. पुन्हा आत गेला. निळ्या फेरीनंतर तिचे केस काळे झाले, चादर पांढरी झाली, भिंत भिंतीच्या रंगावर आली आणि मधोमध एक अर्धवट उघडा डोळा जगाकडे संशयाने पाहायला लागला. चौथ्या फेरीला कागद चकाकला आणि ट्रेमध्ये येऊन पडला.

"ही तर तुझ्यासारखी," सासूबाई म्हणाल्या. "बघते कशी, आधी भाव सांगा म्हटल्यासारखी!"

वर जाताना त्याने फोन दाराबाहेरच्या टोपलीत टाकला. बायको उशीला टेकून बसली होती. त्याचा चेहरा दिसताच तिने निम्मं ओळखलं.

"उतरला?"

"उतरला. रक्त नाही बदलायचं."

तिने डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलंही नाही. मग तळहात पुढे केला.

"दाखव बघू."

त्याने फोटो तिच्या हातावर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, जवळ नेला, लांब नेला, अंगठ्याने त्या कपाळावरून अलगद पुसल्यासारखं केलं. मग सासूबाईंनी दारातून पिवळ्या कागदाची सगळी कथा सांगितली, आपल्या पदरचा मीठमसाला लावून, आणि बायको पोटावर हात दाबून हसायला लागली. "आई, पुरे, टाके दुखतात! भिंतीला कावीळ! तो पिवळापण मला द्या. तिला मोठेपणी दाखवायचाय, तुझा बाप काय चीज आहे ते."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर रक्तदाब पाहायला आली. दंडावर पट्टा बांधला, हवा भरली. हातातल्या गोल तबकडीवरचा काटा वर गेला आणि थरथरत खाली यायला लागला. बघूराव टक लावून त्याच्याकडे पाहत होते. हा काटा कुठे वाचायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते सिस्टरच्या कानाला कळत होतं.

सिस्टरने नळी कानातून काढली. "सकाळपासून उतरतोच आहे. आता छान आहे. डॉक्टरांना सांगते. असाच राहिला तर उद्या चाकाच्या खुर्चीतून नेऊ खाली."

ती गेल्यावर बायकोने फोटो उशाशी, पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवला. त्या अर्धवट उघड्या डोळ्याकडे पाहतच तिने विचारलं, "उद्या खरंच नेतील मला?"

"उद्या आपण दोघं बघू तिला," तो म्हणाला.

बायकोने मान वळवली. "बघू?"

"बघू," तो म्हणाला. "डोळ्यांनी."