माझा टायर नेसलेली सवत

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. सायकलीचं, आणि तेही पुढचं! मागच्याला मी कधी मोजलंच नाही. ते बापडं चेन ओढेल तसं चालायचं. रस्ता आधी बघायचो तो मी.

पेडण्याजवळच्या आमच्या गावात विठू फुलं विकतो. त्याची बायको कमलाक्षी पहाटे अबोलीच्या वेण्या करते आणि तो त्या सायकलीवरून घरोघरी नि वरच्या देवळात पोचवतो. देवळाची चढण उभी. तरी वर्षानुवर्षं आम्ही पूजेआधी हजर! "विठूचं चाक कधी डगमगत नाही," असं लोक म्हणत, आणि मी अधिकच तोऱ्यात फिरे.

मग विठूचा गुडघा धरला. एक दिवस सायकलवाला परेश एक खोकं घेऊन आला. त्यातून निघाली ती बया! पोटात मोटर असलेलं नवं चाक. परेशने मला काढून माझ्या जागी तिला बसवलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण त्याने माझ्या अंगावरचा टायर उतरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिला नेसवला! मी उघडाबोडका पडवीतल्या खिळ्यावर.

सवत ती सवतच! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. संध्याकाळी आधी तिची बॅटरी चार्जिंगला, मग माणसांची जेवणं. विठू आता चढणीवरून शीळ घालत जातो म्हणे. माझ्या वेळी बरी कधी सुचली नाही त्याला शीळ!

दसऱ्याला तर कहरच झाला. पूजेआधी कमलाक्षीने तिला घासूनपुसून न्हाऊ घातलं, वर बादलीभर पाणी थेट वायरीच्या जोडावर ओतलं. मग झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बया हूं की चूं करीना. जोडात पाणी शिरलं होतं. बाधली आंघोळ! मला कित्ती बरं वाटलं म्हणून सांगू!

ते अख्खं चाकच दुरुस्तीला म्हापशाला गेलं. माझा टायर मला मिळाला, माझी जागा मला मिळाली. म्हटलं, आता दाखवतोच! पण चढणीच्या पहिल्याच वळणावर विठू उतरला आणि गुडघा दाबत दगडावर बसला. मी जोर लावायला गेलो, तर चाकाला स्वतःचा जोर कुठला? इतकी वर्षं चढत होता तो विठूचा पाय. आम्ही देवळात पोचलो तेव्हा पूजा उरकली होती.

घरी कमलाक्षी म्हणाली, "अहो, पाय गेलो तर फुलां घेवन काय करूचा? सोडून दिया ह्यो धंदो."

विठू गुडघ्याला तेल चोळत राहिला. मग म्हणाला, "दिवाळी होवंदे. मगे सायकलच विकून टाकतंय."

फुलांशिवाय विठू म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी चक्क तिची वाट पाहू लागलो.

दिवाळीच्या तोंडावर ती आली. परेशने मला पाना लावला, पण नट घट्ट बसलेला. "सुटना मरे ह्यो!" तो वैतागला. धरून बसलो असतो, तर आणखी थोडा वेळ जागा माझीच होती. पण मी सुटलो. टायरही दिला.

मित्रांनो, तुमच्याकडे असं मोटरचं चाक असेल, तर ते नुसतं ओल्या फडक्याने पुसा. वायरीच्या जोडावर पाणी ओतू नका. तिची निगा राखा म्हणून कोण सांगतंय बघा! जळतो मी अजून, रोज जळतो. पण ती बंद पडली, तर माझा विठू चढणार कसा?