सहा नंबरची सीडी

आपल्या ऑफिसात कुणाला मराठी समजत असेल, अशी शंका अद्वैत केतकरला कधी आलीच नाही. पुण्याहून राजाजीनगरच्या शाखेत मॅनेजर म्हणून येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. ऑफिसात इंग्रजी आणि कन्नड चाले, तो स्वतः सगळ्यांशी हिंदीत बोले, आणि समोरच्या टेबलावर बसणारी चंदना राव त्याच्या लेखी एक कानडी मुलगी होती.

चंदनाचं घराणं खरं तर मराठ्यांचं. पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. 'राव' हे आडनावही इथंच चिकटलं. वडील विठोजीराव, आई, आजोळची माणसं, सगळी घरात मराठीच बोलत, मध्येमध्ये कन्नड शब्द घालून. हे ती अद्वैतला पहिल्याच आठवड्यात सांगणार होती. पण एके दिवशी जेवताना त्याने एका रिक्षावाल्याची नक्कल करून दाखवली.

"म्हणतो काय, 'मी बी मराठीच हाय सर, स्वल्प हळू बोला की!' आता ह्याला मराठी म्हणायचं?" असं म्हणून त्याने त्यातली गंमत सगळ्यांना हिंदीत समजावून सांगितली.

टेबलावरचे सगळे हसले. चंदनाने डब्याचं झाकण लावलं. तिचे वडील अगदी असंच बोलत. त्या दिवसापासून तिने आपली मराठी घरीच ठेवली.

हे १९९९ साल. वर्ष संपायच्या आत जगातले कॉम्प्युटर दोन हजार साल ओळखतील असे करून ठेवायची घाई सुटली होती. चंदनाच्या कंपनीला एका विमा कंपनीचं काम मिळालं होतं. साठ शाखा, तीनशे नवी मशिनं, आणि प्रत्येकावर एनटी, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, चढवायची. एनटीची मूळ सीडी तीन वर्षांपूर्वीची. तिला दोन हजार साल नीट कळत नव्हतं आणि नव्या मशिनांतल्या मोठ्या हार्ड डिस्क पूर्ण दिसतही नव्हत्या. म्हणून आधी तीन फ्लॉप्या, मग सीडी, मग सर्व्हिस पॅक नावाचा दुरुस्त्यांचा गठ्ठा, मग दोन हजार सालाच्या दुरुस्त्या, मग ड्रायव्हर, आणि प्रत्येक पायरीनंतर मशीन बंद करून चालू करायचं. एका मशिनामागे चार तास जात, आणि माणसाला जागचं हलता येत नसे.

चंदनाने ठरवलं की या सगळ्या दुरुस्त्या मूळ सीडीच्या पोटातच घालायच्या. जुन्या फाइली काढायच्या, त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या, विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून द्यायची, आणि हे सगळं कोऱ्या सीडीवर उतरवून नवी सीडी 'जाळायची'. पुढे या कामाला स्लिपस्ट्रीमिंग म्हणू लागले. चंदनाकडे तेव्हा त्याला नाव नव्हतं. शिकवायलाही कुणी नव्हतं. इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये कुणीतरी दिलेल्या अर्धवट सूचना होत्या, आणि तिचा हट्ट होता.

तीन आठवडे तिने दुपारचं जेवण मशिनासमोरच केलं. ऑफिसातला सीडी रायटर इतका नाजूक की सीडी जाळणं चालू असताना कुणी त्याच मशिनावर साधं पत्र उघडलं तरी सीडी वाया जाई. प्रत्येक सीडीवर ती मार्करने नंबर घाली. एक, दोन आणि तीन सुरूच झाल्या नाहीत. चार नंबरची ऑफिसातल्या जुन्या मशिनावर सुरळीत चालली, पण नव्या मशिनावर निळा पडदा देऊन थांबली. कारण शोधायला तिला चार दिवस लागले. डिस्कची नवी फाइल तिने घातली होती, पण त्याच नावाची, फक्त शेवटचं अक्षर वेगळं असलेली जुनी, दाबून बारीक केलेली फाइल काढायची राहिली होती, आणि एनटी नेमकी जुनी उचलत होती. पाच नंबर जळतानाच बिघडली. सहा नंबरची मात्र नव्या मशिनात घातली आणि कीबोर्डला हात न लावता पाऊण तासात सगळं काम झालं. चंदनाने ते तीनदा करून पाहिलं, मग अद्वैतला बोलावून दाखवलं.

"गुड," तो म्हणाला. "सगळं एका वहीत लिहून दे. आणि सीड्या माझ्या कपाटात ठेव."

तिने वही दिली. फसलेल्यांसकट सगळ्या सीड्याही दिल्या. सहा नंबरची एक जादा प्रत जाळलेली होती, ती तिच्या पर्समध्येच राहिली.

दोन दिवसांनी सकाळी अद्वैतला पुण्याहून हेड ऑफिसचा फोन आला. चंदना हाताच्या अंतरावर बसली होती. तो खुर्चीत मागे रेलून आरामात मराठीत बोलत होता.

"हो, मीच केलंय ते. तीन आठवडे लागले, पण जमलं... टीम? टीम कसली, एक मुलगी आहे, तिच्याकडून थोडं टायपिंग करून घेतलं. इथल्या पोरी बऱ्या असतात रे, सांगू ते करतात, तोंड उघडत नाहीत... हो, तेच सांगायचं होतं. आठ इंजिनिअर आता लागत नाहीत. दोन पुरे. बाकीचे सहा दिवाळीपूर्वीच कमी करू. तो नरसिंह सगळ्यात महाग, आधी तो."

चंदनाच्या बोटांखाली कीबोर्ड होता. ती टाइप करत राहिली. पडद्यावर काय उमटतंय ते तिला दिसत नव्हतं. हसत फोन ठेवणाऱ्या त्या माणसाच्या तोंडावर समोरचा मॉनिटर उचलून घालावा असं तिला वाटत होतं.

नरसिंह तिचा गुरू होता. पाच वर्षांपूर्वी ती या नोकरीत आली तेव्हा मशीन कसं उघडायचं, स्क्रू कुठे ठेवायचे, गिऱ्हाईक ओरडायला लागलं तर काय करायचं, हे सगळं त्या पंचेचाळिशीच्या माणसाने शिकवलं होतं. त्याच दुपारी तिने त्याला ऑफिसखालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात गाठलं आणि उभ्याउभ्या कॉफी पिताना सगळं सांगितलं. तो अद्वैतवर चिडेल असं तिला वाटलं होतं. तो तिच्यावरच चिडला.

"हे तू केलंस?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. "चार तासांचं पाऊण तासात? कुणी सांगितलं होतं तुला?"

"अण्णा, काम सोपं व्हावं म्हणून..."

"कुणाचं सोपं? आम्हा आठ जणांची पोटं त्या चार तासांवर चालतात. तुला एवढं साधं कळलं नाही?"

"मग काय मुद्दाम वाईट काम करायचं मी? फ्लॉप्या घालत बसायचं जन्मभर?"

"नको बसूस. घरी बसू आम्ही." त्याने पेला आपटून ठेवला आणि तो निघून गेला.

चंदना तिथेच उभी राहिली. आता तिला अद्वैतचा राग आला होता, नरसिंहचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण नरसिंहचं म्हणणं तिला खोडता येत नव्हतं.

त्या रात्री सतत एक विचार तिच्या डोक्यात घुमत राहिला. ती उत्तरांची फाइल तिने स्वतः लिहिली होती, आणि शाखांसाठीच्या प्रती अजून तिच्याच मशिनावरून जाळायच्या होत्या. त्यातली एक ओळ बदलली की सगळी मशिनं अर्ध्यावर अडतील. कुणाला कळणारही नाही. सकाळी ऑफिसात गेल्यावर तिने ती फाइल उघडलीसुद्धा. कर्सर त्या ओळीवर नेला. आणि बंद केली. दुसऱ्याचं काम बिघडवायला हात धजला असता, आपलं बिघडवायला धजेना.

पुढच्या सोमवारी विमा कंपनीच्या मल्लेश्वरम शाखेत प्रात्यक्षिक होतं. त्यांच्याकडून बिंदुमाधव आचार्य आले होते, संगणक विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, फार न बोलणारे गृहस्थ. चंदनाच्या कंपनीकडून अद्वैत, ती स्वतः आणि नरसिंह. नरसिंह दाराशी हाताची घडी घालून उभा होता. चंदनाकडे त्याने पाहिलंही नाही.

अद्वैतने इंग्रजीत भाषण केलं. 'मी विचार केला', 'माझ्या लक्षात आलं', 'मी तयार केलं', असं ते चाललं होतं. मग त्याने सीडी काढून मशिनात घातली. चंदनाने फक्त मार्करचा आकडा पाहिला. चार.

ती पुढे होऊन हळूच इंग्रजीत म्हणाली, "सर, ही ती नाही."

"प्लीज," अद्वैत हसून म्हणाला आणि त्याने हाताने तिला मागे केलं.

वीस मिनिटं सगळं नीट चाललं. फाइली उतरल्या, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि पडदा निळा झाला. पांढऱ्या अक्षरांची एक ओळ येऊन थांबली. आचार्यांनी चष्मा सारखा करून ती वाचली. शाखेतले कारकून माना वर करून बघायला लागले.

अद्वैतने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तेव्हा तो आचार्यांकडे वळला. "सॉरी सर. सीडी हिने बनवली होती. मी चेक करायला हवी होती. चंदना, ही कसली चूक केलीस तू?"

एवढे दिवस दाबून धरलेलं सगळं चंदनाच्या तोंडून तिच्या घरच्या मराठीत बाहेर पडलं.

"सर, कालपर्यंत ही सीडी तुमची होती की! बंद पडली तशी माझी कशी झाली?"

अद्वैतचं तोंड उघडंच राहिलं. "तुला मराठी येतं?"

"येतं की. आमच्या घरात दुसरं काय बोलत न्हाईत. तुम्ही फोनवर 'इथल्या पोरी तोंड उघडत नाहीत' म्हणालात, तवाबी येत होतं. मी टायपिंग केलं म्हणालात, तवाबी. सहा माणसं दिवाळीच्या आधी काढतो म्हणून सांगत होतात, तेबी समदं कळलं मला. माझी मराठी हसण्यासारखी असंल. पर तुम्ही जे बोललात ना, ते आमच्या घरात कुणी कुठल्याच भाषेत बोलत न्हाई!"

"चंदना, हे ऑफिसमध्ये बोलू. क्लायंटसमोर..."

"न्हाई. तुम्ही क्लायंटसमोर माझं नाव घेतलं. मी बी क्लायंटसमोरच बोलते."

"काय चाललंय, अम्मा?" आचार्यांनी चंदनाला कन्नडमध्ये विचारलं.

मग तिने कन्नडमध्ये सांगितलं. ही चार नंबरची, अर्धवट आहे, हिच्यात कुठली फाइल राहिली तेही सांगितलं. सहा नंबरची माझ्याजवळ आहे. आणि माणसं कमी करायचं ठरलंय तेही सांगितलं. "सीडी एनटी चढवते, सर. जुन्या मशिनांतल्या पॉलिस्या नव्यात उतरवणं, त्या जुळवून बघणं, प्रिंटर लावणं, तुमच्या लोकांना शिकवणं, हे ती करत नाही. दोन माणसांत साठ शाखा केल्या तर जानेवारीत तुमची शाखा उघडेल आणि पॉलिसी सापडणार नाही."

दाराशी नरसिंहच्या हाताची घडी सुटली होती.

"सरी, बरं," आचार्य म्हणाले. "तुझी सीडी लाव. मी बसतो."

ते खरंच खुर्ची ओढून बसले. सत्तेचाळीस मिनिटं लागली. अद्वैत खिडकीशी उभा राहून बाहेरची वर्दळ पाहत होता. मशीन तयार झाल्यावर आचार्यांनी स्वतः तारीख पुढे नेऊन दोन हजार सालातला एक दिवस घातला, मागे आणली, पुन्हा घातली. मग त्यांनी करारात दोन ओळी लिहायला लावल्या. काम पूर्ण होईपर्यंत आठही इंजिनिअर शाखांवर राहतील. आणि सीडी कुणी तयार केली त्याचं नाव कामाच्या कागदांवर असेल.

झालं ते एवढंच. करार एकतीस डिसेंबरला संपला. साठही शाखा वेळेत झाल्या, पॉलिस्या जुळल्या, एक तारखेला काहीच बंद पडलं नाही, म्हणून कुणी शाबासकीही दिली नाही. चंदनाला मध्यंतरी बेशिस्तीबद्दल लेखी समज मिळाली होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाच इंजिनिअरना कामावरून काढल्याची पत्रं गेली. पहिलं नरसिंहला. अद्वैत बढती घेऊन पुण्याला परतला, आणि तिथून सगळ्याच शाखांना सहा नंबरच्या सीडीच्या प्रती येऊ लागल्या. त्यांच्या छापील लेबलावर त्याचं नाव होतं.

ते लेबल पाहिलं त्या दिवशी चंदनाने राजीनामा लिहिला. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि घरात कमावती ती एकटी. तिने तो कागद फाडला. फाडताना तिला स्वतःची इतकी चीड आली की तुकडे टोपलीत न टाकता तिने खिडकीतून खाली फेकले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नरसिंह तिच्या घरी आला. विठोजीरावांनी "या अण्णा" म्हणून त्याला आत घेतलं. तो बसला नाही.

"राजाजीनगरात गॅरेज भाड्याने घेतलंय. मशिनं दुरुस्त करणार. लोक जुनी एनटी घेऊन येतायत," तो चंदनाला म्हणाला. "ती सीडी कशी करायची ते शिकव मला. थँक्यू म्हणणार नाही. अजून राग गेलेला नाही माझा."

"माझाही नाही गेला," चंदना म्हणाली. "दर्शिनीत चार लोकांसमोर बोललात तुम्ही मला."

"बोललो. चुकीचं नव्हतं ते."

"माझंही नव्हतं."

विठोजीराव एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मग ते कॉफीचं सांगायला आत गेले.

चंदनाने चपला घातल्या आणि ती नरसिंहबरोबर निघाली. गॅरेजात एक मशीन, एक जुना रायटर आणि दोन स्टुलं होती. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, कुठली फाइल काढायची, कुठली ठेवायची, नावाचं शेवटचं अक्षर कसं बघायचं. नरसिंह जाड अक्षरात लिहून घेत होता. तासाभराने पहिली सीडी जळायला लागली आणि त्याने सवयीने त्याच मशिनावर दुसरी फाइल उघडली. रायटरचा दिवा लाल झाला.

"अण्णा! हात लावू नका म्हटलं होतं ना!" चंदना ओरडली.

"मग तू आधी नीट सांगायचं!" तोही ओरडला.

शेजारचा गिरणीवाला डोकावून गेला. चंदनाने बिघडलेली सीडी काढून कोपऱ्यात फेकली, नवी घातली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.