फाटकाच्या आतला दवाखाना

तळेखेडीचा सरकारी दवाखाना सरपंचाच्या फाटकाच्या आत होता, आणि सत्यशीलाच्या डोक्याला जो ताप झाला तो सगळा तिथूनच.

ती नर्स म्हणून गावात आली तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सरकारनं गावाला उपकेंद्र मंजूर केलं होतं, पण इमारत पुढच्या योजनेत येणार होती, आणि पुढची योजना कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सरपंच पुंजारामनं आपल्या आवारातली, गोठ्याला लागून असलेली एक पक्की खोली देऊ केली. भाडं नको म्हणाला. माणूस दिलदार होता, त्यात खोट नाही. टेबल दिलं, बाक दिला, इंजेक्शनं थंडाव्याला राहावीत म्हणून ओल्या वाळूचा रांजणसुद्धा दिला. फक्त ती खोली आवारात होती, आवाराला भिंत होती आणि भिंतीला फाटक होतं.

दुपारी घरची माणसं जेवून आडवी झाली की गडी फाटकाला कडी घालायचा. सणावाराला घर बाहेरगावी गेलं की कुलूप. खोलीची किल्ली सत्यशीलाकडं, फाटकाची सरपंचाकडं. आणि फाटक सताड उघडं असलं तरी सगळे आत येत नसत. बौद्धवाड्यातल्या बाया फाटकाशी येऊन थांबायच्या. सत्यशीलानं आतून हाका मारल्या तरी पाय पुढं टाकायच्या नाहीत. त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. पण त्या आवारात आपण कुठवर जायचं, हे त्यांच्या आयांनी त्यांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मग सत्यशीलाच बाहेर जायची. फाटकात उभ्याउभ्या जीभ बघायची, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायची, आणि बाकीचं काहीच न बघता गोळ्या द्यायची. ती स्वतः आष्टीकडच्या बौद्ध घरातली. तिला मात्र सरकारी माणूस म्हणून आत चहा मिळे. कप वेगळा होता. ते ध्यानात आल्यावर तिनं चहाच सोडला.

तिनं पुंजारामला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मी कुणाला नको म्हणलो का, येत न्हाईत त्याला मी काय करू. वरच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, जागा फुकट मिळाली आहे, गोड मानून घ्या. तातेरावला सांगून पाहिलं. तातेराव पंचायतीचा सभासद. बौद्धवाड्यात त्याच्याच घरातली एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. तो म्हणाला, बाई, आपण आत्ता कुठं सभेत खुर्चीवर बसाय लागलो, जरा सबुरीनं घ्या. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि कपाटातली औषधं पडून पडून खराब होत चालली होती.

रामनवमीला सरपंचाचं सगळं घर जांब समर्थला दर्शनाला गेलं. फाटकाला कुलूप लागलं. त्याच दिवशी दुपारी तातेरावची सून बेबीनंदा बाळंत झाली. बाळंतपण सत्यशीलानंच केलं. पोरगी झाली, ठणठणीत रडली. पण वार पडल्यावर रक्त काही थांबेना. तिनं पोट चोळलं, पोरीला छातीशी लावलं. चिरगुटामागून चिरगूट भिजत गेलं. बेबीनंदाचे ओठ पांढरे पडू लागले. रक्त थांबवायचं इंजेक्शन गावात होतं, सरकारनं फुकट दिलेलं होतं, आणि ते सरपंचाच्या आवारात वाळूच्या रांजणात होतं.

सासूला पोट दाबून धरायला सांगून ती धावत सुटली. फाटकाबाहेर गडी बसला होता. किल्ली मालकाबरोबर गेली होती. कुलूप फोड म्हटल्यावर तो हात जोडून म्हणाला, मालक मला ठेवणार न्हाईत, बाई. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सत्यशीलानं चपला काढल्या, पांढऱ्या साडीचा काचा मारला, भिंतीशी सोडलेल्या बैलगाडीवर चढली आणि भर दुपारी, निम्म्या गावादेखत, भिंतीवरून आत उडी टाकली. परत येताना हात सोलवटला, साडी टर्रकन फाटली. पण पदरात बांधलेलं इंजेक्शन शाबूत होतं.

बेबीनंदा वाचली. दिवेलागणीला तिनं स्वतः पेज मागितली.

पुंजाराम परतला तेव्हा त्याला आधी भिंतीचं कळलं आणि नंतर बेबीनंदाचं. तो खोलीपाशी आला. आवाज चढवायची त्याची पद्धत नव्हती.

"चोरावानी भिंत चढून आल्या तुमी, सिस्टरबाई. मला जल्दी निरोप धाडला असता, मी किल्ली देऊन माणूस धाडला असता."

जांबला निरोप जाणार, तिथून माणूस येणार, तोवर बेबीनंदानं रक्त धरून ठेवायचं. सत्यशीलाला हसावं की रडावं कळेना. तिनं तातेरावची बैलगाडी मागवली, औषधांची पेटी, वजनकाटा, कापूस, पिचकाऱ्या सगळं गाडीत भरलं आणि दवाखाना एस.टी.च्या थांब्यावर नेऊन मांडला.

थांबा म्हणजे रस्त्याकडेचा दगडी निवारा, वर पत्रा. दुष्काळात रस्त्याच्या कामावर उरलेल्या खडी-दगडातून पंचायतीनं तो बांधून घेतला होता. त्या कामावर गावातल्या सगळ्या घरच्या बाया होत्या. मोठ्या घरच्यांनीसुद्धा डोक्यावर पदर ओढून पाट्या वाहिल्या होत्या. त्या जागेला फाटक नव्हतं आणि तिथं कुणीही बसलं तरी ते बसची वाट बघतंय असंच वाटायचं.

आठवडाभरात तिथं इतकी माणसं यायला लागली की बसमधून उतरणाऱ्यांना उभं राहायला जागा उरेना. कंडक्टर चिडायचा, सत्यशीला त्याच्यावर चिडायची. धुळीनं औषधं माखायची, वाऱ्यानं कापूस उडायचा, पडद्यासाठी बांधलेली चादर बस येताच फडफडत सुटायची. तरी बौद्धवाड्यातल्या बाया बाकावर टेकू लागल्या, मजूर कामावर जाताना थांबू लागले. आणि एके दिवशी दुपारी हातात पिशवी घेऊन, प्रवासाला निघाल्यासारखी, सरपंचाची बायको चतुराबाई आली.

एक बस आली आणि गेली. चतुराबाई जागची हलली नाही. बाकीच्या बाया पांगल्यावर ती चादरीच्या आड आली आणि खालच्या मानेनं म्हणाली, "अंग बाहेर येतंय, बाई. बारक्या पोराच्या वक्तापासून. उठता-बसताना आत ढकलावं लागतं."

बारका पोरगा आता शाळेत सहावीला होता. सत्यशीलानं तपासलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ही बाई रोज तिच्या खोलीसमोरून शेणाची पाटी घेऊन जात होती. इतके दिवस का बोलला नाहीत, असं विचारल्यावर चतुराबाई म्हणाली, "तिथं कसं बोलू? वट्यावर सासरे, गोठ्यात गडी, आन भिंतीपल्याड हे. खोकलं तरी ऐकू जातं."

याला ऑपरेशन लागेल, जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं, बिलकुल घाबरायचं कारण नाही, हे सत्यशीलानं तिला समजावलं. चतुराबाईनं फक्त एकच वचन घेतलं: घरी कळू द्यायचं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. बाया नव्हत्याच, होती ती एकटी सत्यशीला. पुंजारामनं आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. दवाखाना रस्त्यावर आल्यानं गावाची अब्रू गेली होती, हे एक. दुसरं म्हणजे फुकट मिळतं म्हणून माणसं उगाच गर्दी करतात. थोडा खर्च पडला की खरं दुखणं कोणतं ते आपोआप कळतं. ऐपत असेल त्यानं द्यावं. ज्याला नसेल त्यानं सरपंचाकडून तसं लिहून आणावं, नर्सबाई फुकट देतील. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते पटण्यासारखं वाटलं.

आजवर सबुरी सांगणारा तातेराव उठला. "म्हंजे दुखणं सरपंचाला दाखवायचं आन औषध नर्सबाईकडून घ्यायचं," तो म्हणाला. "आन फुकट कशाचं, साहेब? काडेपेटीवर सरकारचा कर हाय. आमच्या घरात चूल पेटती तवा आमीबी भरतोच की."

काही जण हसले. पुंजाराम मात्र हसला नाही. त्याला खरोखरच लागलं होतं. त्यानं सगळ्यांकडं बघत विचारलं, "माझ्या फाटकातून औषधाबिगर कोण परत गेलं? एक नाव सांगा. मी आत्ता माफी मागतो."

फाटकाशी थांबणाऱ्या बायांची नावं घ्यावीत, तर त्यांना गोळ्या मिळतच होत्या. बेबीनंदाचं घ्यावं, तर त्या दिवशी घर गावात नव्हतं. खरं नाव सत्यशीलाच्या जिभेवर होतं, आणि ते त्याच्याच घरातलं होतं. ते उच्चारलं असतं तर सभा तिथल्या तिथं संपली असती. पण तिनं वचन दिलेलं होतं. डॉक्टरांना वाटलं, बाईकडं बोलायला काही नाही. कागदोपत्री जागा खोलीचीच आहे असं म्हणून त्यांनी सोमवारपासून दवाखाना परत खोलीत न्यायला सांगितलं आणि सरपंचाकडं जेवायला गेले.

रविवारचा दिवस तिनं चिडचिडीत काढला. नोकरी सोडून द्यावी, आष्टीला जाऊन पोरांना शिकवावं, नाहीतर बसून राहावं, असं काय काय मनात येऊन गेलं. बेबीनंदाच्या सासूनं पुढ्यात ठेवलेली भाकरी तिनं तशीच सारली. सोमवारी ती पेटी गाडीत घालून निघाली ती रडकुंडीलाच आलेली होती.

सरपंचाच्या आवाराच्या मागच्या बाजूनं, जिथं रस्ता भिंतीला चिकटून जातो, तिथं धुरळा उडत होता. गडी पहारीनं खोलीची मागची भिंत फोडत होता. शेजारी चतुराबाई उभी होती, रस्त्यावर, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला. गडी मधूनमधून तिच्याकडं घाबरून बघत होता आणि ती त्याला पुढं हाण म्हणत होती.

सत्यशीला गाडीतून उतरली. 

"काल जेवताना सांगत व्हते," चतुराबाई म्हणाली, "की सभेत कुणाला एकबी नाव सांगता आलं न्हाई. लई खूश व्हते. मंग मी म्हणलं, नाव पायजे व्हतं ना, माहं घ्या. आन समदं सांगितलं. बारक्या पोरापासनं सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणत्याल. ताट सारून उठले. कालपासनं बोलले न्हाईत." ती भिंतीकडं बघत राहिली. "पर पहार त्यायनीच काढून दिली."

दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड झालं. आतल्या अंगणाकडचं दार चतुराबाईनं स्वतः अडसर घालून बंद केलं. दवाखाना रस्त्यावर उघडला, खोलीसुद्धा तीच राहिली, आणि डॉक्टरांच्या आदेशाचाही भंग झाला नाही. पुंजाराम त्या दिवशी बाहेर आला नाही.

यानं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. भगदाडाला चौकट बसायची होती; पंचायत म्हणाली सरकारनं द्यावी, सरकार म्हणालं भिंत कुणाच्या परवानगीनं फोडली ते आधी कळवा. तोवर बारदानाचा पडदा लावला. त्यातून शेळ्या आत शिरायच्या आणि एकीनं तर पट्ट्यांची अख्खी गुंडाळी खाल्ली. पुंजारामनं माफी मागितली नाही, तो मागितल्यासारखा वागलाही नाही. पण चिठ्ठीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आणि पेरण्या उरकल्यावर चतुराबाईला घेऊन तो स्वतः जालन्याला गेला. एस.टी.त सत्यशीला पुढच्या बाकावर होती. तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. जालना आल्यावर मात्र त्यानं आधी उतरून बायकोला हात दिला.

रांगेची कटकट तर रोजचीच होती. मोठ्या घरची माणसं उशिरा यायची आणि घाई आहे म्हणायची. आधी येऊन बसलेल्या बाया आपण होऊन सरकून जागा करायच्या, आणि सत्यशीलाचं डोकं त्याच बायांवर जास्त भडकायचं. बसा म्हणून ती त्यांना दरडावायची, त्या कसनुशा हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा.

पोळ्याच्या आधी बेबीनंदा पोरीला टोचायला घेऊन आली. बाक भरलेला होता, शेवटाला थोडीशी जागा होती. ती तिथं बसली. शेजारी पुंजारामची चुलती होती. तिनं नाक मुरडलं, लुगडं आवरून घेतलं, आणि आमचा नंबर आधी लावा म्हणून सत्यशीलाकडं बघितलं. सत्यशीलानं तोंड उघडायच्या आतच बेबीनंदानं पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मी आधी आले, मावशी." ती उठली नाही.

चुलती पुटपुटत राहिली. सत्यशीलानं स्टोव्हवर पिचकारी उकळायला ठेवली आणि बेबीनंदाला आत बोलावलं.