विरजण

थोरल्याची एक खोड आईला मुळीच खपत नसे. ताटावर बसला की एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर मुकादमाशी बोलायचं. भरल्या तोंडाने तो हमखास विचारी, "विरजण ठेवलंय ना?" पोरगा मजुरांना दही पुरवतोय, निदान तेवढी तरी माणुसकी आहे, असं आईला वाटे. शेजारणींनाही तिने हे ऐटीत सांगितलं होतं.

थोरला तळ्यातली जलपर्णी काढण्याचा ठेकेदार. परमुलखातून आलेलं हे तण कुणी हौसेने पाण्यात सोडलं आणि ते सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं. सरकार वजनावर पैसे देई. काठावर हिरवे ढीग चढत, साहेब फोटो काढून जात, आणि वर्ष फिरायच्या आत तळं पुन्हा झाकलेलं. धाकटा त्याच तळ्यात मासे धरी. जाळं टाकायला मोकळं पाणी उरलं नाही की भावाला चिडवी, "दादा, तुझं पीक झकास आलंय." थोरला हसे. आईसुद्धा हसली होती.

त्या दिवशी दुपार कलली तरी धाकटा परतला नाही. पलीकडच्या आडोशाला त्याची होडी जलपर्णीत रुतलेली सापडली, रिकामी. ती सोडवायला तो पाण्यात उतरला असावा, असं लोक म्हणत होते. पट्टीचा पोहणारा, पण त्या मुळांच्या गुंत्यात हातपाय हलणार कुठे? धाकटी सून काठावर येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

आई मुकादमावर उखडली. एवढं तळं उपसलंत, मग हाच कोपरा कसा राहिला?

मुकादमाने मान खाली घातली. "आजी, ते विरजण आहे. दादांनीच सांगितलेलं, थोडं ठेवत जा. सगळं काढलं तर पुढच्या वर्षी काम कुठलं?"

आईला थोरल्याचा ताटावरचा तो प्रश्न आठवला. चमचाभर विरजणाने भांडंभर दूध कसं विरजतं, हे बघण्यात तिचा जन्म गेला होता.

दिवस बुडता बुडता धाकट्याला बाहेर काढलं. थोरला ऊर बडवत आला. सगळेच ठेकेदार असं करतात, वरच्यांनाही ठाऊक असतं, आपण काय एकटेच आहोत का, असं काहीबाही बरळत राहिला. आईने सुनेचा हात घट्ट धरला आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाली,

"रडू नकोस. तण जपलंस, भाऊ नाही जपलास. उद्या साहेबांपुढे हे सगळं आपल्या तोंडाने सांग. आणि त्यांनाही विचार, ढिगांची वजनं करता, मोकळं पाणी कधी मोजलंत? तू गप्प बसलास तर मी जाईन. मला सही येत नाही, पण विरजण कशाला म्हणतात ते सांगता येतं."