उजवीकडचा स्पीकर

"आता?" फिटरने विचारलं.

"उजवा अजूनही मरगळलेलाच आहे," खुर्चीतून उत्तर आलं.

फिटर पुन्हा गुडघ्यांवर बसला. डाव्या स्पीकरची वायर काढून त्याने उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला. दोष ॲम्प्लिफायरमध्ये असता तर आता त्यानेही बाजू बदलली असती.

"आता?"

"आताही उजवाच."

फिटरने दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाई घाईघाईने टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

खुर्चीतल्या गृहस्थांना मित्रमंडळी कानसेन म्हणत. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म खर्डेघाशी केली, पण घरी आले की ते सुरांचे बादशहा. त्यांचे दोन सपाट स्पीकर दिवाणखान्यात उभे असत. माणसाएवढे उंच, फळीसारखे पातळ, आत ताणून बसवलेला झिरझिरीत पडदा. त्या पडद्यातून जेवढा आवाज पुढे येतो तेवढाच मागेही जातो, त्यामुळे हे स्पीकर भिंतीला टेकवून चालत नाही, खोलीत पुढे आणून ठेवावे लागतात. मग भिंतीला टेकून माणसांनी चालायचं. बाई कानसेनांशी लग्न झाल्यापासून तशाच चालत आल्या होत्या. त्या स्पीकरांना फळ्या म्हणत, अर्थात मनातल्या मनात.

पडदा धूळ ओढतो. ती धूळ हळुवार हाताने काढणं हे बाईंचं काम. ऐकणं हे त्यांचं काम नव्हतं. नीट ऐकू येईल अशी जागा घरात एकच, त्या खुर्चीची. वीतभर सरकलं तरी आवाज एका बाजूला कलतो. "आणि हिला बसवून उपयोग काय," कानसेन पाहुण्यांना सांगत, "हिला कानच नाहीत. गाढवाला गुळाची चव काय?" पाहुणे हसत. बाईही हसत. चारचौघांत दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी उजवा स्पीकर बिघडला, म्हणजे कानसेनांच्या मते बिघडला. ॲम्प्लिफायर तपासून झाला, गालिचा सरकवून झाला, उजवीकडच्या खिडकीला जाड पडदा लावून बाईंचं दुपारचं ऊनही घालवून झालं. शेवटी दोन्ही स्पीकरांतले जुने पडदे काढून नव्या सुधारित जातीचे पॅनेल बसवायचं ठरलं. ते आज बसले, आणि उजवा तसाच राहिला.

फिटर निघाला तेव्हा जिन्यात थबकला. "काकू, रागावू नका. स्पीकरला धाड भरलेली नाही. काकांचा उजवा कान दाखवा कुणाला तरी."

"माहीत आहे मला."

"मग?"

"बघते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. गेल्या वर्षी एकदा जेवताना त्या नवऱ्याच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. गॅस संपत आलाय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. उत्तर नाही. डावीकडे जाऊन सांगितलं, तर "ओरडतेस कशाला?" त्या त्याच दिवशी त्यांना सांगणार होत्या. पण तेवढ्यात आमटी आळणी झाली म्हणून कानसेनांनी त्यांच्या माहेरचा उद्धार केला, आणि उजवीकडे परत येऊन बसलेल्या बाई हळूच बोलून गेल्या, "जळ्ळं मेलं ते तोंड." कानसेन शांतपणे जेवत राहिले.

नवऱ्याला उलट बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आणखी थोडं बोलल्या. मग जेवताना, फिरायला जाताना, सोफ्यावर, बाईंनी उजवी बाजू सोडली नाही. ओरडायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मीठ मागावं तशा आवाजात सगळं बोलायचं. वर्षानुवर्षं घशाशी अडकलेलं तिथे मोकळं होत होतं. त्यांना जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. एवढी एक जागा मिळालेली, ती कानाच्या डॉक्टरच्या हवाली कोण करेल? त्यांना अपराधी वाटायचं का? वाटायचं, पण गोडही वाटायचं.

रविवारी नवे पॅनेल ऐकायला दोघं जुने मित्र आले, एक वकील आणि एक दंतवैद्य. कानसेन आपल्या खुर्चीत, ते दोघं मागे सोफ्यावर. रेकॉर्ड लागली. दोघांनी वेळच्या वेळी "वा" म्हटलं.

"उजवा अजून मोकळा व्हायचाय," कानसेन म्हणाले. "नव्या चपलेसारखं असतं ते. जरा रुळू द्यावं लागतं."

बाईंनी सोफ्यावर दोघांना चहा दिला आणि मग त्या खुर्चीकडे आल्या, सवयीने उजवीकडून.

"काय गं, तुला कळतोय का काही फरक? की तुझं आपलं नेहमीचं, सगळं सारखंच?"

दंतवैद्य आधीच हसायला लागला होता. बाईंनी वाकून कप हातात दिला आणि हसऱ्या चेहऱ्याने, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मेलात ना, तर माझ्या डोळ्यांतून टिपूस निघायचं नाही."

संगीत तेव्हा अगदी मंद होतं. सोफ्यावर शब्द न् शब्द ऐकू गेला.

कानसेनांनी खुशीत मान हलवली. "बघा, हिलासुद्धा कळलं."

दंतवैद्याने तोंडाला लावलेला कप खाली घेतलाच नाही. वकिलाचा जन्म उलटतपासणीत गेलेला, त्याला गप्प बसवेना. तो उठून खुर्चीमागे आला.

"वहिनी काय म्हणाल्या, ऐकलंस?"

"छान म्हणाली."

"तसं नाही म्हणाल्या. बरं, आता काही ऐकू येतंय?"

"केव्हा?"

"आत्ता. तुझ्या उजव्या कानाशी चुटक्या वाजवतोय मी."

कानसेन वळले. वकिलाचा हात तिथेच होता, अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर आपटत होती. थोड्या वेळाने दोघाही मित्रांना कामं आठवली. चपला घालताना दंतवैद्याने बाईंकडे बघायचं टाळलं.

कानसेनांनी डाव्या कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. समोर दोन्ही फळ्या जोरात वाजत होत्या.

"तुला माहीत होतं?"

बाई डावीकडे आल्या. "हो."

"आणि मघाशी म्हणालीस तसं... आणखी काय काय म्हणालीस वर्षभरात?"

"पुष्कळ."

"एखादं सांग."

बाईंनी रेकॉर्ड बंद केली. स्टूल ओढून त्या त्यांच्या डाव्या हाताला बसल्या. कुठलं सांगावं, याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"माझे वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तुम्हाला सांगायला इथे आले होते. तुम्ही बोट वर केलंत, थांब म्हणून. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत मी त्या दारात उभी होते. रडलेसुद्धा नाही, तुम्हाला आवाज होईल म्हणून."

कानसेनांचा चेहरा हलला. त्यांनी मान खाली घातली. या माणसाकडून आता एखादा शब्द येईल, असं बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

"कुठली रेकॉर्ड लावली होती मी?" त्यांनी विचारलं.

बाई उठल्या. स्टूल उचलून त्यांनी नवऱ्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं, त्यावर नीट बसल्या आणि बोलायला लागल्या.